नळीच्या तोंडाला हळद

कुसाबाई भाजीत हळद घालायची ती चमच्याने. बोटाने नाही, चिमटीने तर नाहीच. शेजारणी हसायच्या. "अगं, हळद हाय का इंचू हाय ती?" म्हणायच्या. कुसाबाईही त्यांच्याबरोबर हसायची आणि चमचा धुऊन, पुसून परत डब्याशेजारी ठेवायची. ज्यांना कारण ठाऊक होतं ते हसत नसत. पण तसे आता राहिलेत किती? काही वर गेले, काही मळे विकून गंगापूर रोडला फ्लॅटात गेले. दोन्हीकडून माणूस परत येत नाही.

कारण असं. मखमलाबादच्या अंगाला तिच्या सासरचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. नवरा खंडेराव पहाटे फुलं घेऊन गणेशवाडीच्या बाजारात जायचा आणि येताना बायकोला एक गरम भजं कागदात गुंडाळून आणायचा. एकच. दोन आणली तर आईला कळेल म्हणून. एका खंडेनवमीला सासू गोजराबाई म्हणाली, "विळे-खुरपी मी पुजते. विहिरीवरच्या मोटरीला तू हळद-कुंकू लाव." कुसाबाईने लावलं. झेंडूची माळ घातली, डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी दसरा. खंडेराव ओल्या पायांनी मोटर चालू करायला गेला, आणि तिथेच संपला.

मोटरीची वायर उंदरांनी कुरतडली होती, हे साऱ्या मळ्याला माहीत होतं. 'उद्या बदलू, उद्या बदलू' म्हणत तिचे चार महिने गेले होते. पण वायरीला बोल कोण लावणार? बोल लावायला गोजराबाईला हाडामांसाचं माणूस हवं होतं आणि ते तिच्यासमोरच बसलं होतं, कडेवर पोर घेऊन. "हिच्या हाताची हळद लागली मोटरीला," ती म्हणाली. एकदाच म्हणाली. काही गोष्टी एकदा म्हटल्या तरी आयुष्याला पुरतात.

तेव्हापासून हळद चमच्याने.

पुढे मळ्याच्या वाटण्या झाल्या आणि तिथे बिल्डिंगा उभ्या राहिल्या. कुसाबाईच्या वाट्याला आल्या दोन खोल्या. पोरगा संतोष शिकला, चाकणला कारखान्यात लागला, सणावारी यायचा. कुसाबाईला अंबडच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत काम मिळालं, काचेच्या बाटल्या धुण्याचं. औषधांच्या कारखान्यातून, अगरबत्तीवाल्यांकडून, रंगवाल्यांकडून तेलं आणि द्रव तपासायला यायचे. त्यांच्या छोट्या छोट्या बाटल्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यापुढे. मागच्या बाजूच्या मोरीत ती एकटी. नळ, बाटल्या आणि ती. कधी कधी दिवसभरात तिने उच्चारलेला शब्द म्हणजे सिटीलिंक बसच्या कंडक्टरला सांगितलेलं थांब्याचं नाव, एवढाच.

मोरीच्या समोर काचेचं दार होतं, आणि दारापलीकडे यंत्राची खोली. तिथे बसायची निकिता. नामपूरची पोर, रसायन शिकलेली, इंदिरानगरला खोली घेऊन राहायची. तीही एकटीच. दुपारी डबा घेऊन सरळ मोरीत यायची आणि पालथ्या बादलीवर बसून जेवायची.

"मावशी, तुमच्या भाजीला चव शे," ती म्हणायची. साहेबांशी ती पुस्तकी बोलायची, पण पोटात चार घास गेले की तिची नामपूरची बोली वर यायची.

"भूक शे," कुसाबाई तिच्याच बोलीत उत्तर द्यायची. "चव कुठली?"

यंत्राच्या पोटात काय असतं ते कुसाबाईला निकितानेच दाखवलं. एक नळी. काचेची, पण केसाएवढी बारीक, आणि लांब इतकी की उलगडली तर यंत्राच्या खोलीतून थेट फाटकापर्यंत जाईल. वरून तिला मधाच्या रंगाचा पातळ लेप असतो, म्हणून ती वाकते, मोडत नाही. तारेच्या कड्यावर गुंडाळून ठेवली की मोठ्या पाटलीसारखी दिसते. तिच्या तोंडाशी तपासायच्या तेलाचा इवलासा थेंब सोडायचा. आत ऊब असते आणि मागून वारा ढकलत असतो. थेंबात मिसळलेल्या जिनसा त्या नळीतून धावतात, एकेक वेगळी होऊन दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. बाहेर पडली की पडद्यावर एक डोंगर उठतो.

"पण ही निवडते कशी गं?" कुसाबाईने विचारलं होतं. "तांदळातले खडे आपण डोळ्यांनी बघतो. हिला डोळे कुठायत?"

"नळ्या दोन तऱ्हेच्या असतात मावशी. एका तऱ्हेची नळी आलेल्याचा स्वभाव बघते. आपल्यासारखा दिसला की धरून ठेवते. ही तशी नाही. हिला नॉन-पोलर म्हणतात. ही कोणाशी फार सलगी करत नाही. जो हलका, ज्याची वाफ लवकर होते, तो पुढे. जो जड तो मागून. बस्स."

"म्हणजे पंगतीत नातं न बघता वाढणारी बाई म्हण की," कुसाबाई म्हणाली. "अशा बाईला कोण परत बोलावत नाय."

निकिता खोकला लागेपर्यंत हसली. त्या दिवसापासून कुसाबाईला नळी आपल्या ओळखीची वाटू लागली. बाटली विसळताना ती अधूनमधून काचेतून बघायची. यंत्र आपलं घुमत असायचं. तेही दिवसभर एकटंच.

संतोषचं लग्न ठरलं ते पावसाळा सरताना. मुलगी वैष्णवी, सायखेड्याची, मनात एक ओठात एक असं नाही. साखरपुडा झाल्यावर आठवड्यातच तिने फोन केला.

"आई, पहिली हळद तुम्ही लावायची बरं का. त्यांना पण अन् मला पण."

"अगं, सवाशिणी लावतात."

"मला माहीत हाय कोण लावतात. आम्ही दोघांनी ठरवलंय. तुम्ही नाय लावली तर कोणीच नाय लावायची. तसेच कोरडे उभे राहू बोहल्यावर."

"बघू," कुसाबाई म्हणाली.

बघू म्हणजे काय बघू? लोकांची तिला भीती नव्हती. लोक चार दिवस बोलतात आणि पुढच्या लग्नाला जातात. भीती होती स्वतःच्या हाताची. एकदा या हाताची हळद लागली आणि घर बसलं. आता पोटच्या पोराच्या कपाळाला तोच हात लावायचा? ती देवापुढे बसायची, हात उलटसुलट करून बघायची. बाटल्या धुऊन पांढरे पडलेले, सुरकुतलेले हात. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि तीच तर पंचाईत.

अशात खंडेनवमी आली. दरवर्षी प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची. ऑफिसातल्या साधनाताई यंत्राच्या झाकणाला हळद-कुंकू लावायच्या, नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे. कुसाबाई माळा ओवून द्यायची आणि मोरीच्या दारात उभी राहायची. माळी घरची, माळ तिच्यासारखी कोणाला जमायची नाही. तिला कोणी ये म्हणत नसे, आणि जा असंही म्हणत नसे.

यंदा त्याच दिवशी यंत्राला नवी नळी बसवायची होती. जुनी थकली होती. तिचं तोंड मळलं की थोडं थोडं कापत जायचं, असं करत ती निम्मी झाली होती. निकिताने नव्या नळीची दोन्ही टोकं नीट कापून, पुसून, टेबलावर स्वच्छ कागदावर ठेवली होती. साहेब भारत सर दुसऱ्या कारखान्यातल्या पूजेला अडकले. साधनाताई नारळ शोधत फिरत होत्या. निकिताने ताट उचललं आणि मोरीत आणून कुसाबाईच्या हातात दिलं.

"मावशी, यंदा तुम्ही."

"येडी का गं तू? मी?"

"मग कोण? या यंत्राच्या बाटल्या कोण धुतं? चला, मी अगरबत्ती घेऊन आलेच."

ती गेली. कुसाबाई ताट घेऊन यंत्राच्या खोलीत उभी राहिली. पहिल्यांदाच एकटी. आणि तिथे उभ्या उभ्या तिने मनात कौल लावला. सासरच्या गावदेवाला लोक फूल चिकटवून कौल लावतात, उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. इथे तिने यंत्रालाच देव केलं. मोटर यंत्र होती, हेही यंत्र. हे जर माझ्या हाताने सुखरूप चाललं, तर पोराला हळद लावीन. नाही चाललं, तर पुन्हा या गोष्टीचं नाव काढणार नाही.

मग तिला वाटलं, झाकणाला हळद लावून काय उपयोग? देव सोडून देव्हाऱ्याला कोणी हळद लावतं का? काम करते ती नळी. तिने बोट ओल्या हळदीत बुडवलं, बरोबर बोट, चमचा नाही, आणि नळीच्या उघड्या तोंडाला टेकवलं. नळी मधाच्या रंगाची, हळद पिवळी. लावलेली दिसलीसुद्धा नाही. तिने डोळे मिटून हात जोडले.

निकिता आली, आरती झाली, पेढे खाल्ले. सुट्टी लागायच्या आत नळी बसवायची म्हणून तिने घाईघाईत, टोक पुन्हा न कापता, ती तशीच यंत्रात सरकवली आणि तापायला लावून दिली. दसऱ्याच्या दिवशी कुसाबाईने एकटीने श्रीखंड-पुरी केली, संतोषला फोनवर सोनं दिलं, आणि किती तरी वर्षांनी त्या दिवशी तिला विहिरीची आठवण जरा उशिरा आली.

सुट्टी संपून ती कामावर आली तर काचेपलीकडे निकिता कपाळाला हात लावून बसलेली.

आत काहीच न घालता, नुसता शुद्ध द्रव सोडून बघितलं की पडद्यावर सपाट रेघ यायला हवी. सपाट कसली? शेवटाकडे दोन डोंगर खांद्याला खांदा लावून उभे, आणि त्यांच्यामागे एक ठेंगणा. हे यंत्र जुनं, कोण बाहेर पडलं त्याचं नाव सांगत नाही, फक्त वेळ सांगतं. निकिताने नळी पुन्हा तापवली. डोंगर तिथेच. थेंब सोडायची सुई बदलली, द्रव बदलला. तिथेच. तपासायच्या बाटल्यांची रांग वाढत चालली. भारत सर आले, बघून गेले, पुन्हा आले.

"नवीकोरी नळी आहे, निकिता! काय केलंस?"

"काहीच नाही, सर."

साधनाताई मागे उभ्या होत्या. वाईट बाई नव्हती ती. जिभेला फक्त कुलूप नव्हतं. "यंदा पूजा कोणी केली होती?" त्यांनी विचारलं.

मोरीत नळ चालू होता, तो कुसाबाईने बंद केला. बंद केल्यावर शांतता फारच मोठी झाली, म्हणून परत चालू केला.

कौल पडला होता.

संध्याकाळी बसमधूनच तिने संतोषला फोन लावला. "हळदीला मी मागं बसंन. सायखेड्याच्या विहीणबाईंना सांग, त्यांनी लावावी."

"आई, परत तेच? वैष्णवीला काय सांगू?"

"सांग, म्हातारी हटवादी हाय."

"आई, झालं काय?"

"काय नाय झालं. माझा थांबा आला." थांबा अजून बराच लांब होता. उरलेला रस्ता ती खिडकीला कपाळ टेकवून बसली.

दुसऱ्या दिवशी निकिता जेवायला मोरीत आली ती डबा न उघडताच बसली. डोळे सुजलेले. "सरांना वाटतं मीच नळी खराब केली," ती म्हणाली. "मला सांगा मावशी, मी एवढं जपून टोकं कापली, पुसली, कुणाचं बोट लागू दिलं नाही..."

कुसाबाईच्या हातातली बाटली पाण्यात सुटली. आपल्या हाताने पोराला हळद लागायची राहिली तर राहो, पण या लेकराला बोल का म्हणून?

"तुझं काय चुकलं नाय," ती म्हणाली. "माझा हातच तसा हाय. मी हळद लावली तिला."

"झाकणाला ना? त्याने काय होतंय?"

"झाकणाला नाय गं. नळीला. तोंडाला."

निकिता बादलीवरून अशी उठली की बादली गडगडत दारापर्यंत गेली. "तोंडाला? हळद? मावशी!" तिला हसावं की ओरडावं कळेना. "अहो, मग ती हळदच येतेय बाहेर! तिचाच वास, तिचंच तेल! गरम झालं की थोडं थोडं निघतंय!"

"म्हणजे?"

"म्हणजे मोटारीच्या टाकीत साखर घातली तर ती चालंल का? कोणीही घाला!"

कोणीही. कुसाबाई त्या शब्दापाशी थांबली.

निकिताने नळीचं ते तोंड वीतभर कापून टाकलं, आजूबाजूचं सगळं पुसून काढलं आणि पुन्हा जोडलं. रेघ सपाट आली. तिचा जीव भांड्यात पडला. मग खात्री म्हणून तिने पूजेच्या ताटातली उरलेली हळद एका बाटलीत द्रवात भिजवायला घेतली.

"थांब," कुसाबाई दारातून म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "दोन बाटल्या घे. एकीत तू टाक. एकीत मी टाकते."

"कशाला? एकच की हो ते."

"टाकू दे गं मला. तुझ्या हाताची एक अन् माझ्या हाताची एक. बघू तुझी ती पंगतवाली काय म्हणते."

निकिताने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरी बाटली तिच्यापुढे ठेवली. दोघींनी आपापल्या चिमटीने हळद टाकली. आधी निकिताची बाटली लागली. कुसाबाई स्टुलावर बसून राहिली, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तशी. दोन डोंगर उठले, मागून ठेंगणा. मग तिची बाटली. रेघ सपाट चालली, चालली, इतकी चालली की कुसाबाईने पदर तोंडाशी धरला. आणि मग पहिला डोंगर उठला. लगेच दुसरा. मग ठेंगणा.

निकिताने दोन्ही कागद छापून एकावर एक धरले आणि खिडकीच्या काचेला लावले. मागून उजेड आला. दोन कागदांवर मिळून एकच रेघ दिसत होती.

"ह्यातली माझी कोणती?" कुसाबाईने विचारलं.

"ओळखू येत नाही मावशी."

कुसाबाईने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "वायर कुरतडलेली होती गं." निकिताला कसली वायर ते कळलं नाही. कुसाबाई मोरीत परत गेली आणि तिने नळ मोठा सोडला.

निकिताने सरांना सारं सांगितलं, घाईत टोक पुन्हा न कापण्याची आपली चूकही सांगितली. सर आधी रागावले, मग खो खो हसले, आणि मग शहाण्या माणसासारखं वागले: काचेच्या दारावर कागद चिकटवला. यापुढे यंत्राच्या खोलीत हळद, कुंकू, फुलं, कापूर काहीही न्यायचं नाही. पूजा बाहेर, फाटकाशी. बरोबरच होतं ते. कुसाबाईला निकिताने वाचून दाखवलं तेव्हा तीही "बरोबर हाय" म्हणाली. आयुष्यात एकदा पूजेचं ताट हातात आलं आणि त्यापायी पूजाच खोलीबाहेर गेली. याला नशीब म्हणावं की विनोद, ते तिने ठरवलं नाही.

दिवाळीनंतर निकिताला वापीला बरी नोकरी लागली. जाताना मोरीत आली, पाया पडली, हळदीचे फोटो पाठवा म्हणाली. तुळशीचं लग्न झालं, आणि मग संतोषचं आलं.

हळदीच्या सकाळी पाटावर पोरगा बसला. सवाशिणी ताटाभोवती गोळा झाल्या होत्या. कुसाबाई मागून आली, तशा त्या बाजूला सरकल्या. काही मनापासून, काही बघायला. एक म्हातारी कुजबुजली. कुसाबाईने ऐकलं आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, मशीनवर तपासून आणलाय हात." कोणाला काही कळलं नाही, पण हसले सगळे. तिने बोट नव्हे, अख्खा पंजा हळदीत बुडवला. आधी पोराच्या पायांना लावली, मग गुडघ्यांना, मग खांद्यांना. कपाळाशी हात जरा थांबला. संतोषने डोळे मिटले होते. लहानपणी ताप बघायला ती कपाळावर हात ठेवायची तेव्हा मिटायचा तसेच. तिने लावली. मग उष्टी हळद गाडीने सायखेड्याला गेली आणि पाठोपाठ वैष्णवीचा फोटो आला, कानापर्यंत पिवळी, दात काढून हसणारी.

लग्न झालं. सोळाव्या दिवसाच्या विधीची वाट न बघता पोरं चाकणला गेली, सुट्टी नव्हती. "आई, चला ना," वैष्णवी म्हणाली. "येते मागून," कुसाबाई म्हणाली. दोघींनाही ठाऊक होतं, तिकडे खोली एकच आहे.

सोमवारी ती कामावर गेली. पंजा अजून पिवळा होता, नखांच्या कडांना तर चांगलाच. दाखवावं असं मोरीत कोणी नव्हतं. बादली पालथी पडली होती. काचेपलीकडे नवा पोरगा कानात काहीतरी घालून यंत्रापुढे बसला होता. यंत्र घुमत होतं. कुसाबाईने हात काचेला लावला, जरा वेळच, मग रबरी हातमोजे चढवले आणि नळ सोडला.

संध्याकाळी घरी येऊन तिने एकटीपुरती मेथी केली. फोडणी दिली, झाकण ठेवलं, चार घास खाल्ले. आवरताना हळदीचा चमचा धुवायला म्हणून उचलला, तर तो कोरडाच होता.